शालनताईंचा तोल

"सिस्टर, माझी बायको दारू पीत न्हाय. हे आधी ध्यानात घ्या, मग पुढचं सांगतो."

फोनवरचा आवाज ओळखीचा होता, पण इतका चिरका मी तो कधी ऐकला नव्हता. ओपीडी भरलेली होती. माझ्यासमोर एका नव्या पेशंटची आई बसली होती आणि ऑपरेशननंतर मुलाला पुरणपोळी कधी चालेल, हे पुन्हा पुन्हा विचारत होती. मी तिला हातानंच थांबवलं.

"कोण, महादेवराव का? काय झालं?"

"शालन पडली. काल देवळापुढं पडली, आज उंबऱ्यात पडली. चालती तर झोकांड्या खाती. बोलणं बरळल्यागत. समदं गाव म्हणतंय, दारूबंदीवाली बाई सोताच ढोसाय लागली. माझा थोरला भाऊ म्हणतो, लिंबू पाज, उतरंल. पर सिस्टर, म्या पंधरा वरसं प्यालोय. पिलेला मानूस मला लांबनं कळतो. ही पिलेली न्हाय."

"कशावरून म्हणता?"

"तोंडाला वास न्हाय. आन् पिलेला मानूस डोळं चुकवतो. हिचं डोळं जाग्यावरच ऱ्हात न्हाईत, पाळण्यागत हालत्यात. मला म्हनती, तुमी दोघं कशाला आलाय. म्या एकटाच हुतो वं तिच्यापुढं!"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"उलट्या होतायत का त्यांना?"

मला पुन्हा विचारावं लागलं.

"महादेवराव?"

"तिनं सांगू नका म्हनलंय," ते म्हणाले. "महिना झाला. खाल्लं की पडतंय. परवापासनं पाणीबी ठरत न्हाय."

या गोष्टीला आता बारा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात होते. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचे पेशंट माझ्याकडे असत. ऑपरेशन डॉक्टर इनामदार सर करायचे आणि त्यापुढचं सगळं माझं. किती घोट पाणी, कधी पातळ वरण, कधी मऊ भात, कुठल्या गोळ्या, कुणाचे केस गळतात, कुणाला रडू येतं. लोकांना वाटतं, जठर लहान केलं की काम संपलं. खरं तर काम तिथून सुरू होतं. माणूस आयुष्यभर ज्या हातानं जेवला त्या हाताला नव्यानं शिकवायचं असतं, आणि त्या हाताला आग्रह करणाऱ्या बाकीच्या सगळ्या हातांनाही.

शालनताई खोत तासगावच्या पुढच्या हिंगणवाडीच्या. ट्रस्टच्या योजनेतून त्यांचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातून अंग तिरकं करून आत यावं लागलं होतं त्यांना. मधुमेह, गुडघे गेलेले, आडवं झालं की श्वास कोंडायचा म्हणून रात्री भिंतीला टेकून बसायच्या. वजनकाट्यावर चढताना म्हणाल्या, "सिस्टर, माझं वजन कमी करा, पर आवाज कमी करू नका. त्याच्यावर गाव चालतंय माझं."

गाव चालत होतं हे खरंच होतं. महादेवराव पक्के पिणारे. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, पण सगळा संसार बाटलीत बुडालेला. एके दिवशी शालनताई पाटीभर मेथी घेऊन देशी दारूच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि निवडायला लागल्या. पायरी अरुंद, बाई ही एवढी. त्यांना ओलांडल्याशिवाय आत जाता येईना आणि ओलांडायची कुणाची छाती होईना. मग रोजच संध्याकाळी त्या तिथं भाजी निवडायला जाऊ लागल्या. आधी महादेवरावांची दारू लाजेनं सुटली, मग आणखी काहींची. मग बाया जमल्या, अर्ज गेले, आणि दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर गावातल्या बायांचं मतदान घ्यायचं सरकारनं ठरवलं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवी केली तरच दुकान बंद. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई आपसूक दुकानाच्या बाजूची.

तारीख लागली ती शालनताईंच्या ऑपरेशननंतर. त्यांचे पाय हलके झाले होते. घरोघर हिंडत सुटल्या. मी फोन केला की म्हणायच्या, "सगळं झकास! पळतीया नुसती." आणि घरोघरच्या बाया काय करत होत्या? "आमच्या घरात येऊन तशाच जाता व्हय?" म्हणून चहा, भाकरीचा तुकडा, चमचाभर शिरा. नाही म्हणावं तर मन दुखावतं आणि मत जातं. शालनताई घ्यायच्या आणि गोठ्यामागं जाऊन ओकायच्या. पुढं पुढं नुसतं पाणीही उलटू लागलं. गोळ्याही. हे आम्हाला कळलं तर आम्ही धरून आणून खाटेवर निजवू, या भीतीनं त्यांनी नवऱ्याला शपथ घातली होती.

हे सगळं मला नंतर समजलं. त्या वेळी मी फोन तसाच धरून इनामदार सरांच्या खोलीत गेले आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. उलट्या, तोल, हलणारे डोळे, एकाचे दोन दिसणं. सर उभेच राहिले.

"बी-वन जीवनसत्त्व संपलंय," ते मला म्हणाले. "सुवार्ता, त्यांना सांग, जीप करा आणि निघा. पण इथं पोचेपर्यंत थांबायचं नाही. वाटेत तासगावला सरकारी दवाखान्यात आधी त्याचं इंजेक्शन. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलतो. साखरेचं सलाइन त्याआधी अजिबात नको, त्यानं उरलेलं बी-वनही संपेल."

तासगावच्या डॉक्टरीणबाई दारातच सिरिंज भरून उभ्या होत्या, असं महादेवराव पुढं कित्येक दिवस सांगत होते.

दुपार कलताना जीप आली. स्ट्रेचरवरच्या शालनताईंना मी क्षणभर ओळखलं नाही. वजन उतरलं होतं त्याच्यापेक्षा चेहरा जास्त उतरला होता. डोळे खरोखरच पाळण्यासारखे, या टोकाकडून त्या टोकाकडे. मी हात धरला तसा त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्यापलीकडे बघितलं आणि दरडावलं, "तहसीलदार साहेब, मतपेटीला कुलूप लावलंसा का? मला किल्ली दावा."

"दाखवते," मी म्हटलं. "आधी सुई टोचू द्या."

"टोचा. पर किल्ली दावा."

महादेवराव बायकोच्या चपला छातीशी धरून मागं उभे होते.

इंजेक्शनं चालू झाली. मी घरी कळवून टाकलं की आज येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या तोंडावरून ओला फडका फिरवत होते, तेव्हा शालनताईंनी डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सुवार्ता सिस्टर," त्या म्हणाल्या, "काल तुमी दोघी हुता."

"आणि आज?"

"एकच. एकच बरी हाय."

मी हसायचं म्हणून तोंड उघडलं आणि रडूच आलं.

सरांनी महादेवरावांना बसवून घेतलं आणि नीट समजावलं. "बी-वन हे एक जीवनसत्त्व आहे, ते शरीरात फार दिवस साठून राहत नाही. काही आठवडे पोटात गेलं नाही की मेंदूचा तोल जातो. तुम्ही आणखी दोन दिवस लिंबू पाजत बसला असता तर त्या परत आल्या नसत्या." मग म्हणाले, "आणि हे ऐका, हाच आजार फार दारू पिणाऱ्यांना होतो. ते जेवत नाहीत, म्हणून."

महादेवराव सरांकडे बघतच राहिले. "म्हंजी पंधरा वरसं म्या प्यालो," ते सावकाश म्हणाले, "आन् आजार हिला?"

दुर्बीण आत घालून पाहिलं तेव्हा उलट्यांचं कारणही सापडलं. शिवलेलं जठर एका वळणावर आक्रसलं होतं. सरांनी फुग्यानं ती जागा मोकळी केली. पाणी ठरू लागलं. डोळे स्थिरावले, बोलणं सुधारलं. पाय मात्र ऐकेनात. उभं केलं की दोन्ही पाय फाकवून, बोटीत उभं राहिल्यासारख्या डुलायच्या. "याला वेळ लागेल," सर म्हणाले. "आठवडे. कदाचित महिने."

आणि मतदान येत्या रविवारी होतं.

शुक्रवारी त्यांची धाकटी जाऊ मालन आली. तांब्याभर ताक आणलं होतं, ते बाजूला ठेवून ती कोपऱ्यात बसून राहिली.

"बोल की," शालनताई म्हणाल्या. "तोंड शिवलंय का?"

"वैनी, तुमी देवळापुढं पडला नव्हं, त्याचं कुनीतरी मोबाइलवर चित्र घेतलंय. दुकानदारानं समद्या गावात फिरवलंय. पोरं तुमच्यागत चालून दावत्यात. बाया म्हनत्यात, तीच पिती तर आमी कुनाचं ऐकायचं? रविवारी कुनी घराभाईर पडंल असं वाटत न्हाय मला."

"तू सांगितलं न्हाईस, आजार हाय म्हणून?"

"सांगितलं. म्हनत्यात, हितनं पुढं समद्या पिनाऱ्यांना आजारीच म्हना."

 संध्याकाळी सर राउंडला आले तेव्हा शालनताई खाटेवर ताठ बसलेल्या होत्या.

"सर, मला रविवारी सोडा."

"शालनताई, तुम्हाला चार पावलं नीट टाकता येत नाहीत."

"मत हातानं द्यायचं असतंय, पायानं न्हाय."

सरांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "इथून जायचं, तिथं थकायचं, परत उलट्या सुरू झाल्या तर?"

"तर परत टोचा. पर म्या गेले न्हाय, तर सर, तुमी मला बरी केली कशासाठी?"

सर खिडकीकडे गेले, परत आले. माझ्याकडे पाहिलं. "तू जाशील बरोबर?"

मी मान हलवली.

"सकाळचं इंजेक्शन घेऊन निघायचं. हातातली सुई तशीच राहू दे. चाकाची खुर्ची न्यायची. आणि संध्याकाळी परत इथं, या खाटेवर. कबूल?"

"कबूल," शालनताई म्हणाल्या, "खुर्ची सोडून."

खुर्ची आम्ही जीपच्या टपावर बांधून नेलीच.

गावाच्या वेशीत जीप थांबवायला त्यांनीच सांगितलं. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. मधला रस्ता देवळावरून, मग दुकानावरून. दुकान त्या दिवशी सरकारी हुकमानं बंद, पण ओट्यावर माणसं बसलेली होती. दारादारांतून बाया उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात काम, आणि नजर रस्त्यावर. शाळेकडे कुणी जात नव्हतं.

"खुर्चीत बसा," मी म्हटलं. "जीपनं शाळेपर्यंत जाऊ."

"सिस्टर, जीपमदनं गेले तर म्हनत्याल, चालता येत न्हाय एवढी प्यालीया. खुर्चीतनं गेले तर म्हनत्याल, उचलून आनलीया." त्यांनी एक पाय खाली टाकला. "प्रचाराची आज बंदी हाय. तोंड उघडता यायचं न्हाय मला. चालायची तर बंदी न्हाय नव्हं?"

महादेवराव पुढं झाले. शालनताईंनी नवऱ्याचा हात बाजूला केला. "धरू नगा. मागनं या."

त्या निघाल्या. मी हात न लावता अगदी शेजारून चालत होते, पडल्या तर झेलायला. पाय फाकवून, एक पाऊल इकडं पडायचं, एक तिकडं. मध्येच थांबायच्या, हात पसरून तोल सांभाळायच्या, पुन्हा निघायच्या. देवळापाशी एका पोरानं शीळ घातली. बाया आत गेल्या नाहीत, पण बाहेरही आल्या नाहीत. ऊन वाढत होतं. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकावर आलं होतं.

दुकानासमोर त्या पडल्या.

मी झेलायच्या आत गुडघ्यावर आदळल्या. ओट्यावर हशा पिकला. दुकानदार उठून उभा राहिला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघा, बघा! आमचं दुकान बंद हाय तरी बाईला मिळाली!"

मी त्यांना उठवायला वाकले, तर त्यांनी माझा हात झटकला. दोन्ही पंजे मातीत रोवले, एक पाय उभा केला, मग दुसरा. उभ्या राहिल्या. डुलत होत्या. आणि मग इतक्या दिवसांनी तो आवाज निघाला.

"या," त्या म्हणाल्या. "कुनाला वाटतं मी प्यालीया, त्यानं पुढं या आन् हुंगा माझं तोंड!"

हसणं थांबलं.

"या की! मोबाइलात बघितलंत नव्हं? मोबाइलाला वास येत न्हाय. जवळ या. हुंगा!"

कुणी हललं नाही. दुकानदार खाली बघू लागला. तेवढ्यात दुकानाला लागूनच्या त्याच्याच घराच्या दारातून काठीचा आवाज आला. त्याची आई, तानुबाई. सत्तरीच्या पुढची, वाकलेली. ती ओट्याच्या पायऱ्या एकेक करत उतरली. दुकानदार म्हणाला, "आई, तू कशाला?" तिनं तिकडं लक्षच दिलं नाही.

ती शालनताईंच्या समोर येऊन उभी राहिली. काठी माझ्याकडे दिली. दोन्ही हातांनी शालनताईंचा चेहरा धरून खाली वाकवला आणि नाक जवळ नेलं. 

मग ती वळली.

"दारूचा वास मला कुनी शिकवू नगा," ती म्हणाली. "नवऱ्याच्या तोंडाला हुंगला, लेकाच्या गल्ल्याला हुंगला, जलम त्यातच गेला माझा. हिच्या तोंडाला औषधाचा वास हाय. आन् पोट उपाशी हाय हिचं." तिनं माझ्याकडून काठी घेतली. "चल गं शालन. शाळा कुनीकडं हाय? मला नीट दिसत न्हाय."

शालनताईंनी तिचा खांदा धरला. एकीला दिसत नव्हतं, एकीला तोल नव्हता. दोघी निघाल्या.

मी मागं वळून पाहिलं तेव्हा मालन आपल्या दारातून धावत रस्त्यावर येत होती. तिच्या मागं शेजारची, तिच्या मागं कडेवर पोर घेतलेली एक. मग दोन्ही बाजूंच्या दारांतून बाया उतरू लागल्या. कुणी घोषणा दिली नाही. नुसत्या बांगड्यांचा आणि पायांचा आवाज. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा रांग पार देवळापर्यंत मागं गेली होती आणि मतदानाला आलेले साहेब खुर्चीवरून उठून बाहेर बघायला आले होते.

मत देऊन आल्यावर मात्र शालनताई जीपनं मागून आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसल्या. मी त्यांना वर्गाच्या सावलीत नेलं, नाडी पाहिली, घोट घोट पाणी पाजलं. "आता निघू या," मी म्हटलं. त्यांनी मतपेटीकडे बोट केलं. सरांना फोन लावला. सर म्हणाले, "नाडी ठीक आहे ना? मग मोजणी होऊ दे. मीही वाट बघतोय."

संध्याकाळी मोजणी झाली. साहेबांनी कागद वर धरून आकडा वाचला, आणि 'आडवी' हा शब्द त्यांच्या तोंडून पुरता बाहेर पडायच्या आतच शाळेचं आवार पेटल्यासारखं झालं. अर्ध्याहून कितीतरी जास्त बायांनी बाटली आडवी केली होती. हलगी कुठून आली, गुलाल कुठून आला, कुणास ठाऊक. बाया एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, फुगड्या घालत होत्या. महादेवराव शाळेच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे हुंदके देत होते आणि मालन त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

शालनताई खुर्चीत नुसत्या बसल्या होत्या. केसांत गुलाल. मी वाकून विचारलं, "काय होतंय का? चक्कर?"

त्यांनी पोटावर हात ठेवला. चेहऱ्यावर एवढं नवल होतं की मी घाबरलेच.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "मला भूक लागलीया."

ऑपरेशन झाल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. जवळच्या एकीनं तो ऐकला, तिनं दुसरीला सांगितला, आणि क्षणात सगळ्या आवारात गलका उठला. शालनला भूक लागली! पदर खोचून बाया घराकडे पळाल्या. कुणी भाकरी म्हणालं, कुणी शिरा, कुणी पेढे. मी फाटकात आडवी उभी राहिले आणि आयुष्यात ओरडले नव्हते एवढ्या जोरात ओरडले, "एक वाटी! सगळ्या मिळून एकच वाटी! पातळ मुगाचं वरण, तिखट नको, तेल नको!"

वाटी आली. तानुबाईनं ती हातात धरली आणि मी चमचा. शालनताई एक घास घ्यायच्या, थांबायच्या, गिळायच्या. मी मनात सावकाश आकडे म्हणायचे, मग पुढचा चमचा. हलगी थांबली होती. सगळं गाव श्वास रोखून एका बाईचं जेवण बघत होतं. कुणी "अजून घ्या" म्हणालं नाही. अर्धी वाटी झाल्यावर त्यांनी हात आडवा केला.

"बास," त्या म्हणाल्या. "पोट भरलं."

आम्ही सगळ्या वाट बघत बसलो. महादेवराव पुढं येऊन उभे राहिले. महिनाभराच्या उलट्यांच्या सवयीनं त्यांच्या हातात रिकामी बादली होती.

अंधार पडायला लागला, जीपवाल्यानं दिवे लावले, आणि मी त्यांच्या हातातून बादली काढून घेतली. वरण पोटात राहिलं होतं.